‘कॉम्प्युटर गेला’ म्हणण्यापूर्वी अर्थिंग तपासा

माननीय संपादक महोदय,

जुनी पेट्रोल गाडी रस्त्यात बंद पडते, सेल्फ फिरतो पण इंजिन चालू होत नाही, गॅरेजमध्ये बिघाड वाचणारा स्कॅनर लावल्यावर त्यावर एक अक्षरही उमटत नाही आणि पाचव्या मिनिटाला मालकाला सांगितले जाते की ईसीएम गेला. इंजिनचा हा कॉम्प्युटर त्या गाडीतला बहुधा सर्वांत महाग विद्युत भाग असतो आणि माझ्या अनुभवात तोच सर्वांत कमी वेळा बिघडतो. पुरेशी तपासणी न करता त्याला दोषी ठरवण्याच्या या सवयीमुळे अनेकांचे हजारो रुपये वाया जातात आणि अजून चालू शकणाऱ्या गाड्या भंगारात निघतात, म्हणून हे पत्र.

माझी गाडी २००३ सालची आहे. २०१८ मध्ये तिच्या नोंदणीचे नूतनीकरण केले तेव्हा शुल्क सहाशे रुपये होते. २०२३ मध्ये पुन्हा केले तेव्हा पाच हजार भरावे लागले, कारण एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारींसाठी ते वाढले आहे. शिवाय पर्यावरण कर वेगळा. एवढे भरून माणूस गाडी ठेवतो ती जपण्यासाठीच. गेल्या जुलैत भर पावसात हातखंब्याजवळ ती बंद पडली आणि टोचन करून गॅरेजमध्ये न्यावी लागली. तिथे स्कॅनरने संपर्क होत नसल्याचा संदेश दाखवला. त्यावरून जुना ईसीएम नऊ हजारांना आणि नवा मागवल्यास अठ्ठावीस हजारांना, असा हिशेब माझ्या हाती ठेवण्यात आला. कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागात माझी तीस वर्षे गेली आहेत. पॅनेल बंद दिसले की आधी त्यापर्यंत वीज पोचते का ते पाहायचे, ही तिथली पहिली शिकवण. म्हणून मी दोन दिवस मागून घेतले आणि मल्टिमीटर घेऊन स्वतः बसलो.

पहिली खूण चावी फिरवताच मिळाली. चावी ‘ऑन’ केल्यावर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागायला हवा आणि मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंद घरघर आवाज यायला हवा. दोन्ही झाले नाही. याचा अर्थ कॉम्प्युटर जागाच होत नव्हता. परंतु जागा न होणे आणि मरणे यांत फरक आहे. बॅटरीकडून येणारी कायमची वीज, चावीनंतर मुख्य रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) येणारी वीज आणि परतीची अर्थिंगची वाट, यांपैकी एक जरी तुटली तरी धडधाकट कॉम्प्युटर गप्प बसतो, आणि गप्प बसलेला कॉम्प्युटर स्कॅनरला उत्तर देत नाही. त्यातही २००३ च्या गाडीचे उत्तर बाजारातल्या स्वस्त स्कॅनरला समजेलच असे नाही, कारण आपल्याकडे गाडीत स्वयंनिदान व्यवस्था असण्याचा नियम एप्रिल २०१० पासून आला आणि त्याचा पुढचा टप्पा एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ठरलेल्या दोन पिना तारेने जोडल्या की चेक इंजिनचा दिवाच लुकलुकून बिघाडाचा आकडा सांगतो. तेव्हा ‘स्कॅनर बोलत नाही’ या एका वाक्यावर कोणाचाही निकाल लागू नये.

बॅटरी १२.५ व्होल्ट होती आणि सेल्फ मारताना १०.४ च्या खाली उतरत नव्हती. फ्यूज शाबूत, रिलेही टिक वाजत होता. गॅरेजमधल्या तरुण मेकॅनिकने कॉम्प्युटरचा कपलर, म्हणजे तारांचा जोड, काढून अर्थिंगच्या तारा मल्टिमीटरच्या बझरवर तपासल्या होत्या आणि बझर वाजल्याने त्या चांगल्या ठरवल्या होत्या. चूक नेमकी इथेच होते. मल्टिमीटर बझर वाजवताना तारेतून जो प्रवाह सोडतो तो अगदी नगण्य असतो. दहा धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असला, तरी बझर तितक्याच जोमाने वाजतो. मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला, त्याची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी कपलरमधल्या अर्थिंगच्या पिनेला लावली. जो बल्ब लख्ख पेटायला हवा होता त्याची तार विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकासारखी नुसती लालसर दिसली. कपलर परत बसवून, मागच्या बाजूने टाचणी सरकवून, चावी ‘ऑन’ ठेवून त्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा व्होल्टेज मोजला तर तो ३.६ व्होल्ट भरला. तो दशांश एक-दोन व्होल्टच्या आत असायला हवा. बारा व्होल्टच्या व्यवस्थेतले साडेतीन व्होल्ट वाटेतच अडकत असतील तर बिचाऱ्या कॉम्प्युटरने काम करावे तरी कसे?

त्या तारेचा माग काढत थर्मोस्टॅटच्या शेजारी पोचलो. तिथे एका दहा नंबरच्या बोल्टखाली इंजिनवर अर्थिंगच्या दोन तारांचे लग, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्या, बसवलेले होते. वरच्या होजमधून झिरपणारे कूलंट, कोकणातला पाऊस आणि खारी हवा यांनी बोल्टभोवती हिरवट पांढरी पूड साठली होती. बोल्ट काढला तर लगची खालची बाजू काळी ठिक्कर पडलेली होती. पॉलिश पेपरने जागा घासून चकचकीत केली, दोन्ही तारांना नवे लग दाबले, बोल्ट आवळून वर व्हॅसलिनचा हात फिरवला आणि होजची क्लिप बदलली. चावी फिरवताच दिवा लागला, पंप घरघरला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. एकूण खर्च दीडशे रुपयांच्या आत झाला.

माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीतही लक्षणे हीच होती. मात्र तिथे वीज आणि अर्थिंग दोन्ही उत्तम होते. कॉम्प्युटर सेन्सरांना स्वतःहून पाच व्होल्टचा पुरवठा करतो. त्यांपैकी एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो पुरवठा कोसळतो आणि अनेक गाड्यांत अख्खा कॉम्प्युटरच मेल्यासारखा भासतो. एकेक सेन्सर सुटा करत गेलो. पाणी शिरलेल्या मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) कपलर निघताच चेक इंजिनचा दिवा लागला. त्यांनाही ईसीएम बदलायला सांगितले होते. (बल्बची चाचणी मात्र फक्त वीज आणि अर्थिंगच्या तारांवर, तीही कॉम्प्युटरचा कपलर काढूनच करावी, सेन्सरच्या तारांवर बल्ब लावल्यास चांगला कॉम्प्युटर खरोखरच जळू शकतो.)

कॉम्प्युटर कधीच जात नाही, असे माझे म्हणणे नाही. जुन्या बोर्डावरचे कपॅसिटर गळतात, डॅशबोर्डखाली पाणी शिरते, बॅटरी न काढता बॉडीला वेल्डिंग केले जाते, जंप स्टार्ट देताना वायरी उलट लागतात. इग्निशन कॉइल शॉर्ट असेल तर तिला चालवणारा ट्रान्झिस्टर जळतो. आणि कॉइल न तपासता नवा कॉम्प्युटर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. जुन्या बाजारातून आणलेल्या कॉम्प्युटरचा पार्ट नंबर जुळला तरी इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी चावीची व्यवस्था, असलेल्या गाडीची चावी तो ओळखत नाही. म्हणजे घाईने लावलेल्या निदानाची किंमत एकदाच मोजावी लागते असेही नाही.

गॅरेजवाल्यांना मी सरसकट दोष देत नाही. जुन्या गाडीचा वायरिंगचा नकाशा त्यांच्यापाशी नसतो, कोणती पीन कशाची हे ठाऊक नसते आणि गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी मागत असते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचेही क्षेत्र घेतले आहे. बंद झालेल्या मॉडेलांचे वायरिंग नकाशे आणि कॉम्प्युटरच्या पिनांचे तक्ते कंपन्यांनी त्यावर सर्वांना खुले करावेत, अशी माझी विनंती आहे. गाडीचे उत्पादन थांबल्यावर त्या कागदांत व्यापाराचे कोणते गुपित उरते, हे मला खरोखर कळत नाही.

ईसीएम बदलण्याचा सल्ला देणाऱ्या गॅरेजने जॉब कार्डावर बॅटरीचा आणि सेल्फ मारतानाचा व्होल्टेज, कॉम्प्युटरच्या पिनांवर पोचणारी वीज, अर्थिंगच्या वाटेत अडकणारे व्होल्ट आणि सेन्सरचा पाच व्होल्टचा पुरवठा यांचे आकडे लिहून द्यावेत. हे मोजायला अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही; ग्राहकांनीही ते आकडे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात मुले दोन वर्षे शिकतात. त्यांना गंजलेला लग आणि शॉर्ट केलेला सेन्सर मुद्दाम बसवलेली जुनी गाडी देऊन दोष शोधायला लावावा, आणि त्या दिवशी स्कॅनर कपाटात बंद ठेवावा. माझ्या गाडीतून काढलेले ते दोन काळे लग मी जपून ठेवले आहेत. जवळच्या आयटीआयला हवे असतील तर आनंदाने नेऊन देईन.

आपला विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी