प्लेटवरचा झोन आणि पेपरातली बातमी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमुक वनस्पतीच्या अर्काने जंतू मरतात, तमुकमध्ये अँटीऑक्सिडंट भरपूर, अशा बातम्या सारख्या येतात आणि दरवेळी वाटतं की बातमी देणाऱ्याने अजून दोन प्रश्न विचारायला हवे होते. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय, एमएस्सीच्या प्रोजेक्टला अडुळशाच्या पानांवर हेच काम केलंय, म्हणून लिहितेय.

पानं सावलीत वाळवायची, पूड करून मेथॅनॉलमध्ये भिजवायची, अर्क आटवायचा, मग अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर जंतू पसरून त्यावर अर्क लावलेली ६ मिमीची कागदी डिस्क ठेवायची आणि प्लेट ३७ डिग्रीला रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी डिस्कभोवती स्वच्छ गोल दिसला की केवढा आनंद व्हायचा! त्याला झोन म्हणतात. पण झोन मोठा म्हणजे वनस्पती भारी असं नसतं, अर्कातला घटक अगारमध्ये किती पसरतो यावर बरंच ठरतं, टॅनिनसारखे मोठे रेणू नीट पसरतच नाहीत. खरा आकडा एमआयसीचा, म्हणजे कमीत कमी किती मात्रेत जंतूंची वाढ थांबते तो. कच्च्या अर्काचा एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर पुढे जाण्यात अर्थ असतो, पण कित्येकदा तो मिलिग्रॅममध्ये असतो, आणि तेवढं रक्तात पोचणार कसं? शिवाय नुसत्या मेथॅनॉलची डिस्क शेजारी हवीच, नाहीतर जंतू अर्काने मेले की मेथॅनॉलने हे कसं कळणार. आम्ही पहिल्यांदा ती ठेवली नव्हती, गाईडनी सगळं परत करायला लावलं, तेव्हा रडू आलं होतं पण त्यांचंच बरोबर होतं.

अँटीऑक्सिडंटचंही तसंच. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं जांभळं द्रावण अर्क टाकला की पिवळं पडत जातं, रंग किती उतरला ते ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायचं, झालं. हे परीक्षानळीत घडतं, शरीरात तेच घडेल असं नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या ट्रायलचा निकाल १९९४ मध्ये आला, त्यात बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. बीटा कॅरोटीन अँटीऑक्सिडंटच आहे ना!

याचा अर्थ जुनं ज्ञान टाकाऊ असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट आपण ते नीट वाचत नाही हीच माझी तक्रार आहे. चीनच्या तू यूयू यांना मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी २०१५ चं नोबेल मिळालं, त्यांचे सुरुवातीचे अर्क धड काम करत नव्हते, मग चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा असं सापडलं, उकळायचा उल्लेखच नाही. त्यांनी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो लागू पडला. आपण मात्र लोक काढा करून पितात त्या पानांचा मेथॅनॉलमध्ये अर्क काढतो आणि काढा गुणकारी ठरला म्हणून सांगतो, हे कसं चालेल?

तर विनंती एवढीच, अशी बातमी छापताना अर्क कशात काढला, एमआयसी किती, आणि प्रयोग प्लेटवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर, एवढं विचारून पहिल्याच परिच्छेदात द्या. आणि एखादी वनस्पती तपासून काहीच निघालं नाही तर तेही छापा, त्या प्लेटा लावायलाही कुणीतरी रात्री जागलेलं असतं.

आपली,
एक नियमित वाचक