रविवारचा सिनेमा कट्टा, विसरू नका
मंडळी, रविवारी संध्याकाळी ६ ला कोथरूडला आपल्या नेहमीच्या गच्चीवर जमायचंय, घरी बसून काय पाहिलं ते सांगायला, आणि प्लीज शेवट फोडू नका, मागच्या वेळी फोडला तर निम्मी मंडळी भेळ अर्धी टाकून उठली होती.

मी परवा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ परत पाहिला, २००९ चा, परेश मोकाशींचा. फाळक्यांची १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठीची धडपड इतकी हलकीफुलकी दाखवलीये की आमची आजी चक्क झोपली नाही, वर तारामतीचं काम खरंच साळुंके नावाच्या पुरुषाने केलं होतं म्हटल्यावर पदर तोंडाला लावून हसत बसली. रडका सिनेमा कोणी आणू नका यावेळी. चटई आपापली आणा.