शेतीचा ‘शोध’ एका दिवसात लागला नाही

महोदय,

नदीकाठच्या माणसाला शेतीचा ‘शोध लागला’, असे सर्रास छापले जाते. प्रत्यक्षात हे काम हजारो वर्षे रेंगाळले. सीरियात युफ्रेटिस नदीकाठचे अबू हुरेरा हे प्राचीन वस्तीचे ठिकाण पाहा. धरणात बुडण्यापूर्वी, १९७२-७३मध्ये, तिथे उत्खनन झाले. माती पाण्यात कालवून वर तरंगलेले जळके दाणे गाळून घेतले, तेव्हा शंभराहून अधिक रानवनस्पतींचे बी हाती लागले; म्हणजे आधी तिथली माणसे रानातलेच वेचून खात होती.

खरी अडचण रानगव्हापासून शेतातला गहू घडवण्याची. ओंबी पिकली की पेरे सुटतात, दाणे झडतात. ओंब्या टोपलीत झोडपल्या, तर नेमके झडणारे दाणेच टोपलीत येतात. तेच पेरले तर वाण बदलणार कसे? पीक विळ्याने कापून किंवा मुळासकट उपटून, त्यातलेच बी नव्या जागी पेरत गेले, तर न झडणारी ओंबी हळूहळू वाढते. घाईने हिरवेच कापले, तर ही निवड पुन्हा मंदावते.

दळणाचा भार बहुधा बायकांवर. आपल्या पाट्या-वरवंट्यासारखाच दगड, पण गुडघे टेकून, पायाची बोटे मुडपून तासन्‌तास रेटायचा. अबू हुरेराच्या सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले आहेत, गुडघ्यांवर आणि कमरेच्या मणक्यांवरही ताणाच्या खुणा आहेत.

– एक वाचक