लाभांशाचा टक्का कुठून आला?

संपादक महोदय,

'भरघोस लाभांश देणारे शेअर' अशा याद्यांत टक्का ठळक छापतात, पण तो आला कसा हे सांगत नाहीत. गेल्या १२ महिन्यांचा प्रति शेअर लाभांश भागिले आजचा भाव, गुणिले १००, एवढेच ते गणित. भाव २०० आणि लाभांश ८, तर ४ टक्के. भाव १०० वर कोसळला की हाच आकडा ८ टक्के दिसतो. कंपनीने छदामही जास्त दिलेला नसतो. उलट, पुढे लाभांश कापला जाईल असा बाजाराचा होरा असू शकतो.

म्हणून लाभांशाचे निदान १० वर्षांचे आकडे वर्षवार मांडावेत. विशेष लाभांश, म्हणजे एखाद्याच वर्षी दिलेला जादा लाभांश, बाजूला काढावा. जमीन किंवा उपकंपनी विकून आलेला पैसा दरवर्षी येत नसतो. एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, मिळाला असेल तर आधीचे आकडे निम्मे करावेत, नाहीतर १० वरून ५ ही उगाच कपात वाटते.

मग लाभांश आणि नफा यांचे प्रमाण पाहावे. ते वर्षानुवर्षे १०० टक्क्यांवर असेल, तर पैसा साठलेल्या गंगाजळीतून किंवा कर्जातून जातो आहे. शिवाय लाभांश रोखीने द्यावा लागतो, त्यामुळे रोख प्रवाहाचे पत्रक वाचायलाच हवे.

लाभांशासाठी ऐनवेळी शेअर घेण्यातही अर्थ नाही. एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, भाव साधारण लाभांशाइतकाच उतरतो.

आपण छापता त्या अशा याद्यांच्या तक्त्यात विशेष लाभांशाची खूण आणि नफ्याशी प्रमाण, हे दोन रकाने वाढवावेत, ही विनंती.

– एक वाचक