बेडका आटवणारी गोळी, पण तीन दिवसांची नव्हे

संपादक महोदय,

थंडी पडली की नागपुरात औषधाच्या दुकानांवर ‘अ‍ॅझिथ्रो ५००’ची (अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची) तीन गोळ्यांची स्ट्रिप बिनचिठ्ठीची मागितली जाते आणि मिळतेही. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा, बहुधा धुरामुळे जडणारा आजार) आणि ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावून बेडका साचण्याचा आजार) यांचे जुने रुग्ण ती घेतात, कारण ओळखीतल्या कुणाचा तरी बेडका याच गोळीने कमी झालेला असतो.

तो कमी होतो, हे खरेच. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी म्युसिन हे चिकट प्रथिन तयार करतात. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन या मॅक्रोलाइड औषधांनी ते कमी बनते आणि पू करणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दीही ओसरते. अ‍ॅमॉक्सिसिलिन या दुसऱ्या जातीच्या अँटिबायोटिकमध्ये हा गुण नाही. जपानमध्ये १९८०च्या दशकात डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस या बारीक श्वासनलिकांच्या जुनाट दाहाच्या रुग्णांना कमी मात्रेत एरिथ्रोमायसिन महिनोन्‌महिने दिले गेले. ज्या सुडोमोनास जंतूला ते मारत नाही, तो बेडक्यात असलेले रुग्णही सुधारले!

मात्र यासाठी अ‍ॅझिथ्रो २५० मिग्रॅ रोज किंवा ५०० मिग्रॅ आठवड्यातून तीनदा, सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागते. तीन दिवसांत म्युसिनवर फारसे काही होत नाही. जंतू तेवढे निर्ढावतात. वर्षभराच्या उपचाराचाही फायदा बेताचाच: २०११च्या अमेरिकी चाचणीत सीओपीडी बळावण्याचे प्रमाण रुग्णामागे वर्षाला १.८३ वरून १.४८ वर आले, तर ऐकू कमी येण्याचे प्रमाण २० वरून २५ टक्क्यांवर गेले. बिडी-सिगारेट चालू असणाऱ्यांना लाभ जवळपास दिसलाच नाही.

म्हणून आधी ईसीजी (त्यातला क्यूटी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी, लांबलेला असेल तर ही गोळी नको), कानांची तपासणी आणि बेडक्याची तपासणी. शेवटची सर्रास टाळली जाते, आणि धोका तिथेच आहे. क्षयाचे भाऊबंद असलेले नॉनट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया छातीत दडलेले असतील, तर एकटी अ‍ॅझिथ्रो त्यांना प्रतिरोधक बनवते आणि त्यांच्यावरचे मुख्य औषधच हातचे जाते.

आणखी एक. थिओफायलिन असलेली दम्याची गोळी चालू असताना क्लॅरिथ्रो किंवा एरिथ्रो घेतली, तर रक्तातले थिओफायलिन वाढते: मळमळ, धडधड, क्वचित झटके. अ‍ॅझिथ्रोने सहसा तसे होत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर स्ट्रिप घेण्याआधी मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत बेडका तपासायला द्यावा. सरकारी रुग्णालयात क्षयाची तपासणी मोफत होते. नमुना सकाळचा, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून काढलेला हवा. नुसती थुंकी चालत नाही.

– एक श्वसनरोगतज्ज्ञ, धंतोली, नागपूर