खानापूरच्या वडापला पास का नाही?

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

खानापूर भागातून बेळगावजवळच्या मच्छे-उद्यमबागच्या फाउंड्र्यांत आणि निपाणीतून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रोज कामाला जाणाऱ्यांविषयी हे पत्र आहे. पहिल्या वाटेवर गणेबैलचा टोलनाका लागतो, दुसऱ्या वाटेवर कोगनोळीचा. घर नाक्याच्या अलीकडे, काम पलीकडे.

राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या टोल-शुल्क नियमांत किलोमीटरमागे मूळ दर कारला ६५ पैसे, मिनीबसला १ रुपया ५ पैसे आणि बसला २ रुपये २० पैसे धरला आहे. जड गाडीने रस्ता जास्त झिजतो, तिने जास्त भरावे हे मान्य. पण बस आणि ट्रक एकाच रकान्यात बसवलेत. पन्नास माणसे कामावर नेणाऱ्या गाडीचा वेगळा विचारच त्यात नाही.

सवलतींचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२५ पासून २०० फेऱ्यांचा (नाका एकदा ओलांडला की एक फेरी) वार्षिक पास मिळतो; सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांना होता, म्हणजे फेरीला १५ रुपये. तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा मासिक पासही बिगर-व्यावसायिक गाड्यांनाच. कारमधून एकटा जाणारा सवलतीत जातो, बारा जणांना नेणारी पिवळ्या पाटीची वडाप, म्हणजे माणशी भाडे घेणारी व्यावसायिक गाडी, या पासांत बसत नाही.

जिल्ह्यात नोंदलेल्या व्यावसायिक गाडीला निम्मा दर आहे खरा, पण सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता असेल तर तोही नाही. शिवाय कोगनोळी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात. नाक्यापासून हाकेच्या अंतरावरच्या कागलची एमएच-०९ गाडी कोल्हापूर जिल्ह्याची, म्हणून तिला पूर्ण दर.

पाळीचा हिशेब असा. वडाप सकाळी माणसे सोडून रिकामी परत येते, दुपारी आणायला पुन्हा जाते. दिवसाला नाका चारदा, २६ दिवसांत १०४ वेळा. हा खर्च मालक भाड्यावर घालतो, नाहीतर बाराच्या जागी अठरा जण कोंबतो. भाडे परवडेनासे झाले की कामगार जुनी दुचाकी घेतो, कारण तिला टोल नाही. मग रात्रपाळी सुटल्यावर डोळ्यांत झोप घेऊन तो ट्रकांच्या रांगेतून घर गाठतो. आम्हाला सर्वांत जास्त काळजी या माणसाची वाटते.

त्यात बेळगावची ठेवण अशी की उद्यमबाग-मच्छे एका टोकाला, काकती-होनगा दुसऱ्या टोकाला आणि बसा मध्यावर सीबीटीत (मध्यवर्ती बसस्थानकात) येऊन थांबणाऱ्या. खानापूरच्या बाईला होनग्यातले काम धरायचे तर सीबीटीत गाडी बदलावी लागते. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून तिला तिकीट लागत नाही, पण दुसरी बस पाळीच्या वेळेला नसेल तर फुकट तिकिटाचा उपयोग काय?

स्टॉकहोमने शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर जानेवारी २००६ मध्ये शुल्क लावले, पण नव्या बसा ऑगस्ट २००५ मध्येच सुरू केल्या होत्या. बेळगावच्या रिंगरोडवर उद्या टोल बसणार असेल तर हाच क्रम ठेवावा.

कामगार नेणाऱ्या बस आणि मॅक्सीकॅबना (वडापसारख्या गाड्यांना) महिन्याच्या १०४ च्या हिशेबाने वर्षाला १,२५० फेऱ्यांचा पास द्यावा, दर कारच्या पासइतकाच, फेरीला साधारण १५ रुपये. फास्टॅग गाडीच्या नोंदणीशी जोडलेलाच आहे, त्यामुळे परवान्याचा प्रकार पाहून सूट देता येईल, नाक्यावर नवे यंत्र लागणार नाही. व्यावसायिक गाड्यांची स्थानिक सवलत जिल्ह्यावर न ठेवता नाक्यापासूनच्या २० किलोमीटरवर ठेवावी. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ८८ मुळे एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात तिथल्या प्रतिस्वाक्षरीशिवाय (मंजुरीशिवाय) चालत नाही, तेव्हा निपाणी-कागल आणि बेळगाव-शिनोळी या कर्नाटक-महाराष्ट्र सीमा ओलांडणाऱ्या दोन वाटांपुरता तरी परस्पर करार व्हावा. त्यासाठी दोन्ही राज्यांच्या परिवहन आयुक्तांना आपण एका टेबलावर बसवावे.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील कामगार वाहतुकीचे काम पाहणारे