राजाश्रय सुटला म्हणजे कलावंत मोकळा झाला?

संपादक महोदय,

शहरातल्या संगीतसभांना प्रायोजक हवेत की नकोत, हा वाद निघाला की अठराव्या शतकातल्या युरोपचा दाखला हमखास दिला जातो: राजाश्रय सुटला, तिकीटविक्री आली आणि कलावंत स्वतंत्र झाला. दाखला अर्धवट आहे.

ऑस्ट्रियन संगीतकार हायडन १७६१मध्ये वर्षाला ४०० गुल्डनवर (गुल्डन म्हणजे तिथले तेव्हाचे चलन) एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत शिरला. पांढरे मोजे, केसांना पावडर, इथपर्यंत पोशाख करारात ठरलेला. पण खरी मेख वेगळ्याच कलमात होती: नवी रचना कोणाला द्यायची नाही, नक्कल करू द्यायची नाही, परवानगीशिवाय दुसऱ्यासाठी लिहायचे नाही. पुढे गादीवर आलेल्या निकोलाउसला बॅरिटोनचा नाद. हे गजाने वाजवायचे वाद्य. आपल्या सारंगीसारख्या त्यालाही तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप गुंजणाऱ्या, धातूच्या तारा, फक्त मानेच्या मागून त्या अंगठ्याने छेडता येतात. या एका हौसेपायी हायडनने सव्वाशेच्या आसपास त्रिकुटे, म्हणजे तीन वाद्यांच्या रचना, लिहिली. वाद्यच दुर्मिळ, त्यामुळे आज ती क्वचितच ऐकू येतात. १७७९च्या नव्या करारात रचना बाहेर न देण्याचे ते कलम गळाले. मालक तोच, नोकर तोच. पण रचना आता व्हिएन्नाच्या आर्टारिया या प्रकाशकाकडे छापायला जाऊ लागल्या. नोकरी न सोडताही स्वातंत्र्य मिळाले ते असे.

त्याच काळातला संगीतकार मोझार्ट. त्याने १७८१मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपची नोकरी सोडली. १७८४च्या मार्चमध्ये तीन मैफलींची वर्गणी ६ गुल्डन आणि यादीत १७४ नावे. हिशेबाने १,०४४ गुल्डन झाले, म्हणजे हायडनच्या सुरुवातीच्या पगाराच्या अडीचपट! पण ही नावे बहुतेक सरदार-उमरावांची, म्हणजे एकाच आळीतली. १७८८मध्ये तुर्कांशी युद्ध पेटले आणि आळी रिकामी झाली. १७८९मध्ये पंधरा दिवस यादी फिरवूनही सही झाली ती एकाची, फान स्वीटेन या संगीतप्रेमी उमरावाची.

जाणकाराला खास जागा सापडाव्यात आणि इतरांनाही, का ते न कळता, गोडी वाटावी, हा बेत मोझार्टने १७८२मध्येच वडिलांना लिहून कळवला होता. तो सर्वांत ठळक दिसतो १७९१च्या ‘मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेत. उपनगरातले नाट्यगृह, संवाद लोकांच्या जर्मनमध्ये; पारध्याचे साधे गाणे आणि राणीची गगनभेदी तान एकाच तिकिटात. याला कोणी अभिरुचीची तडजोड म्हणो. आम्हाला ती कारागिरी वाटते.

नाशिकला यातून घेण्यासारखे आहे. एकाच प्रायोजकाच्या चेकवर सभा उभी राहिली की पहिल्या तीन रांगांतले सोफे पासवाल्यांसाठी अडतात, निम्मे रिकामे राहतात आणि मागे लोक उभे. सत्कार लांबतो, म्हणून विलंबित (संथ लयीतला) ख्याल आटोपता घ्यावा लागतो. कोणत्याही एका प्रायोजकाकडून खर्चाच्या पाव हिश्श्याहून जास्त घेऊ नये, उरलेले हंगामी सभासदत्वातून उभे करावे. त्यात विद्यार्थ्यांसाठी स्वस्त तिकिटे ठेवावीत आणि सभासद शोधायला फक्त गंगापूर रोडवर नव्हे, सातपूर-सिडकोच्या कामगार वस्त्यांतही फिरावे. पंचवटीतल्या सभागृहाला ज्यांचे नाव आहे त्या गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला विद्यालय काढले तेही संस्थानिकाच्या दरबारात नव्हे, लोकांच्या पाठबळावर.

आणि ध्वनिमुद्रणाचे कलम आधी लेखी करावे. मैफलीच्या दुसऱ्या दिवशी गायकाला न विचारता अख्खी मैफल यूट्यूबवर चढवणे म्हणजे हायडनच्या १७६१च्या कराराची उलटी बाजू: तिथे नक्कल देता येत नव्हती, इथे अडवता येत नाही.

— काही संगीत शिक्षक, नाशिक